दहावीला ७० टक्के पडलेल्या मुलाला आयटीआयला टर्नर ट्रेड घ्यायचाय, नातेवाईक नावं ठेवतील, काय करावं?

घेऊ द्या की त्याला. ७० टक्केवाल्याने आयटीआयला जायचं नाही असा काही नियम आहे का? मी स्वतः टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड फिरवत मापात कापणारा, भोसरीला टूलरूममध्ये, आणि हे 'नातेवाईक काय म्हणतील' वाचलं की डोकं फिरतं माझं.

आमचे थोरले चुलते ग्रामपंचायतीत मेंबर. मी फॉर्म भरला तेव्हा चारचौघात म्हणाले, घराण्याचं नाव घालवलं पोराने. पुढे काही वर्षांनी गावच्या नळयोजनेच्या पंपाचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, झिजला, तालुक्याच्या वर्कशॉपमधून नवीन करून आणला तर बेअरिंग इतकं तापायचं की हात ठेववेना. ठेकेदाराचा इंजिनिअर आला, बेअरिंग बदललं, परत तेच, ग्रीस बदललं, परत तेच, मग म्हणे बेअरिंगच डुप्लिकेट येतायत, आणि गाव टँकरवर. मी सुट्टीला आलेलो, शाफ्ट काढायला लावला आणि बारीक माप घ्यायचा मायक्रोमीटर लावला. बेअरिंगच्या दोन्ही सीट, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग बसतं त्या जागा, ४० एमएमच्या, फिट के-सिक्स, म्हणजे घट्ट बसण्यासाठी ठरलेलं माप ४०.००२ ते ४०.०१८ मध्येच पाहिजे. एका टोकाला ४०.०१ बरोबर, दुसऱ्याला ४०.०५! लेथचा टेलस्टॉक, म्हणजे जॉबचं दुसरं टोक धरणारा भाग, वीसेक मायक्रॉन (एमएमचा हजारावा भाग तो एक मायक्रॉन) बाजूला सरकला की त्या टोकाला व्यासात चाळीसचा फरक पडतो, जॉबला टेपर येतो, म्हणजे एक टोक जाड होतं. असल्या सीटवर बेअरिंग ठोकून बसवलं की बेअरिंगची आतली कडी, म्हणजे रेस, फुगते, गोळ्यांना फिरायला जागा राहत नाही, मग तापणार नाहीतर काय. त्याच वर्कशॉपमध्ये बसून डायल, म्हणजे काट्याचं मोजमापाचं घड्याळ, लावून टेलस्टॉक लाईनमध्ये घेतला, ती सीट मापात आणली, बेअरिंग परत तापलं नाही.

चुलते म्हणाले, एवढं तर कुणीही केलं असतं. अहो मग केलं का नाही कुणी? इंजिनिअरकडे डिग्री होती पण शाफ्टला माप लावायचं त्याच्या मनातच आलं नाही, कारण हाताने जॉब काढायची वेळच त्याच्यावर कधी आलेली नव्हती. आणि पंधरा ऑगस्टला सत्कार झाला तो ठेकेदाराचा आणि ९० टक्केवाल्या पोरांचा.

हां, एक सांगायचं राहिलं, सगळ्या आयटीआय सारख्या नसतात. काही खाजगी ठिकाणी लेथ नुसते उभे असतात, म्हणून आधी शॉपमध्ये जाऊन पोरं खरंच मशीनवर आहेत का बघा. दोन वर्षांनंतर अप्रेंटिसशिप करायलाच लावा, स्टायपेंड कमी असतो, सुरुवातीला बऱ्याच कंपन्या कॉन्ट्रॅक्टवरच घेतात, हे खरंय. पुढे शिकायचं असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, रस्ता बंद होत नाही.

आणि नातेवाईकांचं म्हणाल तर आमच्या चुलत्यांना मी आजही सांगतो, पुढच्या पंधरा ऑगस्टला गावच्या वायरमनला आणि मोटर भरणाऱ्याला स्टेजवर बोलवा, मग माझ्या आयटीआयबद्दल बोला.