निघताना 'येते' का म्हणाले नाही

प्रिय राजा,

काल शाळेतून येताना तू गाडीत विचारलंस, "आई, मित्राचे बाबा गेले. मी त्याला काय म्हणू?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "काकाआजोबा गेले तेव्हा साताऱ्यात सगळे नुसतेच बसून होते. निघताना तू काकीआजीला 'येते'सुद्धा म्हणाली नाहीस. असं का?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

एरवी कोणाच्याही घरून निघताना आपण 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. समाचाराला गेलं की मात्र गप उठायचं. अशा कारणाने या घरी पुन्हा यायची वेळ येऊ नये, एवढंच त्या न बोलण्यात असतं. मी काकीआजीचा हात घट्ट धरला आणि उठले. मला रडू आवरत नव्हतं, हेही खरं.

त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारच्या मावशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या, आठवतं? त्याला कडू घास म्हणतात. पिठलं कडू नसतं रे, पण त्या दिवशी काहीच घशाखाली उतरत नाही. काकीआजी नको नको म्हणत होती. मावशींनी तिला आग्रह केला नाही, समजूत घातली नाही. भाकरीचा तुकडा मोडून पिठल्याला लावला, तिच्या हातात दिला आणि स्वतःही शेजारी बसून जेवायला लागल्या. थोड्या वेळाने काकीआजीने तो तुकडा तोंडात घातला. सांत्वन म्हटलं की मला अजून तेच दिसतं.

आणि ते तेराव्याला संपलं नाही. त्या वर्षी घरात सण नव्हता, म्हणून फराळही केला नव्हता. पण दिवाळीला काकीआजीच्या ओट्यावर आसपासच्या घरांतून आलेले सात डबे होते. कोणाची चकली कडक आणि कोणाची नरम, हे फोनवर सांगताना ती हसली. त्यांच्या जाण्यानंतर तिचं हसू मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आपलं सगळंच चांगलं आहे असं मात्र समजू नकोस. नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं, मंगळसूत्र काढायचं, हेही आपल्याकडचंच. ज्या क्षणी तिला जवळ घ्यायचं, त्याच क्षणी हा छळ. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ठराव करून हे सगळं बंद केलं, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसंच करायला सांगितलं. काकीआजीकडेही एक बाई पुढे झाल्या होत्या. आत्याने त्यांचा हात धरला. काकीआजीच्या हातात बांगड्या अजून आहेत, पुढच्या वेळी बघ.

आता तुझा मित्र. ते ज्यू आहेत, त्यांच्याकडे दफनानंतर सात दिवस शिवा पाळतात. घरचे घरातच बसतात आणि लोक भेटायला येतात. दफनानंतरचं पहिलं जेवण तिथेही शेजारीपाजारीच देतात, त्यात उकडलेली अंडी असतात. आणि दुःखातलं माणूस आधी बोलेपर्यंत आलेल्याने बोलायचं नाही, अशी त्यांची रीत आहे. म्हणजे काय म्हणू याची काळजी तुला नकोच. त्याच्या शेजारी जाऊन बस. तो फुटबॉलबद्दल बोलला तर फुटबॉलबद्दल बोल. तो गप्प राहिला तर तूही गप्प राहा. 'रडू नकोस' एवढं मात्र म्हणू नकोस. आणि त्याने बाबांचा विषय काढला, तर त्यांनी तुम्हा दोघांना सायकलचं पंक्चर काढायला शिकवलं होतं ते सांग. आपल्या बाबांची आठवण दुसऱ्या कोणालाही येते, हे त्याला कळू दे.

ते कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे ज्यू धर्मातले नियम पाळतात, त्यामुळे आपल्या घरात शिजवलेलं नेता येणार नाही. संत्री नेऊ. उद्या चारला तयार राहा.

आणि निघताना तू त्याला खुशाल 'येतो' म्हण. परवा मी तुला पुन्हा तिथे सोडणार आहे.

तुझी,
आई