‘खांब रोवायचं काम’ आणि तुमची मुलगी

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॅम्पसमधून आयटीत नोकरी लागेल असं वाटतं. पण तिला आफ्रिकेत नाहीतर हिमालयात हवामान केंद्रं उभारायच्या कामात जायचंय. खांब रोवायचे आणि पाऊस मोजायचा, हे तर आमच्या तहसीलमधला शिपाईही करतो. आम्ही डाळिंबवाले, शिक्षणाला कर्ज काढलंय. तिला काय सांगू? (एक पालक, संगमनेर तालुका)

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुम्ही डाळिंबवाले, म्हणून बागेपासूनच सुरुवात करतो. हवामान आधारित फळपीक विम्यात, गारपिटीचा भाग सोडला, तर भरपाई ठरते ती तुमच्या महसूल मंडळासाठी धरलेल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवरून. तिथलं यंत्र चुकलं, तर हक्काचे पैसे बुडतात. तरी आपल्याकडे ‘महावेध’ या राज्याच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या प्रकल्पामुळे मंडळ पातळीवर दोन हजारांहून जास्त केंद्रं आहेत. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत शेकडो किलोमीटरमध्ये एक चालू केंद्र सापडत नाही, असे भाग आहेत. तिथल्या दुष्काळाचा अंदाज कशाच्या आधारावर बांधायचा?

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे निक व्हॅन दे गीसन आणि अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठाचे जॉन सेल्कर यांनी यासाठी ‘ताहमो’ हा उपक्रम काढला. दर ३० किलोमीटरला एक याप्रमाणे २०,००० केंद्रं, हे त्यांचं उद्दिष्ट. आजवर उभी राहिली काहीशे. त्यांनी बरीच केंद्रं शाळांमध्ये बसवली, कारण शाळेला कुंपण असतं आणि लक्ष ठेवायला शिक्षक असतात. यंत्रही असं निवडलं, की त्यात हलणारा भागच नाही, म्हणजे बिघडायला जागा कमी. केंद्र उभारायला एखादा दिवस पुरतो. पण एखाद्या जागेच्या हवामानाची सरासरी काढायला ३० वर्षांच्या नोंदी धरतात, आणि तितकी वर्षं ते चालू ठेवणारी माणसं फार कमी आहेत.

एक प्रसंग सांगतो. मागे एका कॉलेजच्या आवारातलं केंद्र बघायला गेलो होतो. दोन दिवस पाऊस झोडपत होता आणि स्क्रीनवर पाऊस शून्य. मुलांनी पर्जन्यमापकाचं नरसाळं काढलं, तर तळाशी कडुलिंबाचा पाला आणि त्यावर कोळ्याचं जाळं. आत एक छोटी डोलणारी पळी असते. ठरावीक पाणी भरलं की ती कलंडते आणि दर कलंडण्यामागे, यंत्राप्रमाणे, ०.२ किंवा ०.५ मिलिमीटर पाऊस धरला जातो. तिथपर्यंत पाणी पोचतच नव्हतं. यंत्र बिचारं ‘तुंबलोय’ असं कळवत नाही, ते शून्य पाठवतं. खरा शून्य आणि खोटा शून्य तक्त्यात अगदी सारखे दिसतात. खोटा पकडायचा तर आर्द्रता बघावी लागते, ऊन किती पडलं ते बघावं लागतं, शेजारच्या केंद्रांशी ताळा करावा लागतो. हा ताळा करणारा प्रोग्राम लिहिणारी आणि शिडी लावून नरसाळं साफ करणारी मुलगी एकच असेल, तर तिला या क्षेत्रात मान आहे.

आणि शिपायाचं म्हणाल, तर रोज सकाळी साडेआठला न चुकता पर्जन्यमापक वाचणाऱ्या अशाच माणसांच्या जिवावर, १८७५ साली सुरू झालेल्या आपल्या हवामान खात्याकडे शंभर वर्षांहून जुन्या नोंदी आहेत. त्या कामाला हलकं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आता पोटापाण्याचं. इंजिनिअरिंग सोडायचं नाही, तेच तिचं भांडवल आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून, रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालणारं स्वस्त केंद्र तयार केलं आणि झांबियात बसवलं. शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट त्या धर्तीवर करू दे, सोबत पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा पक्की करू दे. पुढे गेट ही एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा देऊन वातावरणशास्त्राकडे झुकणारं एम.टेक. केलं, तर विद्यावेतन मिळतं. पुण्यातच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा या विषयाचा विभाग आणि आयआयटीएम ही हवामान संशोधन संस्था आहे. हिमालयाची ओढ असेल तर गोव्यात वास्कोला एनसीपीओआर ही ध्रुवांवरच्या आणि हिमालयातल्या बर्फाचाही अभ्यास करणारी संस्था आहे. त्यांचं ‘हिमांश’ संशोधन केंद्र स्पितीत सुमारे १३,५०० फुटांवर २०१६पासून आहे. हवामान खात्यातल्या सायंटिफिक असिस्टंटच्या जागा स्टाफ सिलेक्शन कमिशन भरतं, त्यावरही लक्ष असू द्या.

संशोधन संस्थांतल्या प्रकल्पाच्या जागा बहुधा कंत्राटी असतात, हे तुमच्यापासून लपवणार नाही. म्हणून हप्ते जड जात असतील, तर कॅम्पसची नोकरी तिने घ्यावी, दोन वर्षांत कर्ज हलकं करावं आणि मग एम.टेक.ला जावं. वाट थोडी लांबेल, बंद होणार नाही. फक्त नोकरी सेन्सर किंवा डेटाच्या कामातली बघा.

यंदाच्या पावसाळ्यात एक करा. बागेत, झाडांपासून लांब, साधा पर्जन्यमापक बसवा. रोज साडेआठला नोंद, आणि मंडळाच्या केंद्राच्या आकड्याशी ताळा. ती हॉस्टेलवर असेल तेव्हा वही तुम्ही सांभाळायची. दसऱ्यानंतर ती वही घेऊन दोघंही या, पुढचं समोरासमोर ठरवू.