इसार देण्याआधी सातबारा वाच

जुळे सोलापुरातला प्लॉट आवडला म्हणतोस, छान. पण इसार, म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम, देण्याआधी सातबारा स्वतः वाच. मालकाचं नाव बघून थांबू नकोस, 'इतर हक्क' हा रकाना बघ. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव तिथेच सापडतं. भोगवटादार वर्ग 2, म्हणजे विक्रीवर बंधन असलेली जमीन, असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री होत नाही. मग जुने फेरफार, म्हणजे मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी, काढ. माझ्या पहिल्या व्यवहारात विकणाऱ्याच्या एका बहिणीची सही राहिली होती, आणि इसाराचे पैसे दोन वर्षं अडकले. त्या दिवसापासून वकिलाचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या कागदांची तपासणी) हातात आल्याशिवाय मी चेक फाडत नाही.

एनए (बिगरशेती) आदेश आणि मंजूर लेआउट मूळ प्रतीत माग. 500 चौरस मीटरपेक्षा मोठा प्लॉटिंगचा प्रकल्प असेल तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणाचा, नोंदणी नंबर हवाच. एजंट तोंडी काहीही सांगेल, त्यावर जाऊ नकोस.

आणि एकदा सकाळी तिथे जाऊन शेजारच्या बायकांना विचार, नळाला पाणी किती दिवसांनी येतं? उजनी धरण भरलेलं असलं तरी आपल्याकडे हा प्रश्न सुटत नाही, आणि भाडेकरू आधी तेच विचारतो. पावसाळ्यात रस्ताही पाहून घे.

सगळी पुंजी मात्र एकाच प्लॉटमध्ये घालू नकोस. मुद्रांक शुल्क, नोंदणी, कंपाउंड, हे पैसे वेगळे ठेव.