पुस्तक मराठी, रेडिओवरची मुलाखत हिंदीत: लेखकाने काय बोलावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिला मराठी कथासंग्रह नुकताच आला आहे, इंदूरच्या रेडिओवर पंधरा मिनिटांची मुलाखत ठरली आहे, ती हिंदीत होणार आहे, ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यापुढे मराठी पुस्तकाबद्दल बोलून काय उपयोग, आणि बोलायचंच तर काय? मी इंदूरला बरीच वर्षं नैमित्तिक निवेदक म्हणून रेडिओवर लेखकांच्या मुलाखती घेतल्या आहेत. त्यामुळे हे उत्तर प्रश्न विचारणाऱ्याच्या खुर्चीवरून लिहितो आहे.

उपयोगाचं आधी. आपल्या गावात मराठी ही बाहेरची भाषा नाही. १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं इंदूरला झाली. इथल्या होळकर कॉलेजात शिकलेले गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, पण लिहीत हिंदीत. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत. एकाच घरात दोन भाषांत लिहिणारे असू शकतात, तर एकाच श्रोत्याच्या कानात दोन्ही भाषा का मावणार नाहीत? रामबागेतला किंवा लोकमान्यनगरातला हिंदी शेजारी पिढ्यान् पिढ्या भिंतीपलीकडून मराठी ऐकत आला आहे. त्याला वाचता येत नसेल, कळतं मात्र बरंच. शिवाय तुमचे मराठी वाचकही तोच रेडिओ ऐकतात. तेव्हा मनातून हा किंतू काढून टाका.

आता काय बोलावं. पुस्तकाचा सारांश सांगायला तुम्हाला बोलावलेलं नाही. बहुतेक नवे लेखक पहिल्याच प्रश्नाला सुरू होतात: या संग्रहात अमुक इतक्या कथा आहेत, त्या मानवी नातेसंबंधांचा वेध घेतात, बदलत्या समाजाचं चित्रण करतात. हे वाक्य कुठल्याही पुस्तकाला लागू पडतं, म्हणून ते कुणाच्याच लक्षात राहत नाही. ऐकणारा पोळ्या लाटत असतो, दुकानात गिऱ्हाईक बघत असतो, गाडी चालवत असतो. त्याच्या हातात तुमचं पुस्तक नाही, मागचं पान उलटून बघायची सोय नाही. त्याला धरून ठेवायला एखादा माणूस लागतो, एखादी खोली लागते, काहीतरी घडावं लागतं.

एक रेकॉर्डिंग मला फार जवळून आठवतं. निवृत्त शिक्षिका होत्या, वाड्यातल्या आठवणींचं पुस्तक होतं. माइकसमोर त्या ‘स्त्रीमनाची घुसमट’, ‘एकत्र कुटुंबाचं विघटन’ असंच सगळं बोलल्या. चुकीचं काहीच नव्हतं. रेकॉर्डिंग संपलं, लाल दिवा मालवला, त्या चष्मा पुसत सहज म्हणाल्या, ‘आमची आजी दुधाचा हिशेब स्वयंपाकघराच्या भिंतीवर गेरूच्या रेघा ओढून ठेवायची. ती गेल्यावर रंगारी आला, तर वडिलांनी त्याला तेवढा हातभर तुकडा सोडायला लावला. पुढे दर दिवाळीला घर रंगायचं, तो तुकडा तसाच.’ माइक अजून चालू होता. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट दोन्ही हात हलवून मला सांगत होता, हे घ्या, हे घ्या! आम्ही पुन्हा दिवा लावला आणि त्यांना तेच परत सांगायला लावलं. प्रसारण झाल्यावर लोक त्या भिंतीबद्दलच विचारत होते. हा प्रसंग पुस्तकात होताच. पण मुलाखतीत असलं घरगुती काय सांगायचं, तिथे वैचारिकच बोलायला हवं, असं बाईंनी धरून ठेवलं होतं.

हे मी पुष्कळांच्या बाबतीत पाहिलं आहे. स्टुडिओतून निघताना, जिन्यात, चहा घेताना लेखक जे सांगतो ते माइकसमोर सांगितलेल्यापेक्षा हमखास चांगलं असतं. म्हणून आधीच बसून तुमच्या कथांतल्या अशा तीन गोष्टी काढून ठेवा: एखादी वस्तू, एखादं बोलणं, एखादा प्रसंग, आणि तो तुम्हाला कुठे सापडला. प्रश्न कोणताही येवो, त्यातल्या एकीकडे वळता येतं. विचार त्या गोष्टीच्या मागून आपोआप येतात, त्यांना वेगळं बोलावणं लागत नाही.

मालव्यातल्या श्रोत्यांना तर ही सवय जुनी आहे. आकाशवाणीचं इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झालं. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमातले नंदाजी-भेराजी इथल्या खेड्यापाड्यांत घरच्यासारखे झाले, ते इथल्या मालवी बोलीत गप्पा मारत म्हणून. बी-बियाण्यांची माहिती असायची, पण एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने सांगायचं, अशी ओट्यावर बसल्यासारखी. साहित्यिक मुलाखतही याहून वेगळी असू नये, असं माझं ठाम मत आहे. समोर एकच माणूस बसला आहे असं समजून बोला. ‘श्रोतेहो’ म्हणून हजारोंना उद्देशून बोलायला लागलात की आवाज सभेचा होतो.

आता वाचनाबद्दल, कारण पंधरा मिनिटांतला सर्वांत मोलाचा भाग तोच. मुलाखत घेणाऱ्याने सुचवलं नाही तरी तुम्ही म्हणा, एक उतारा वाचू का? दोन मिनिटांच्या आतला ठेवा. शांतपणे वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे दोनेकशे शब्द पुरे. कथेची सुरुवातच वाचायला हवी असं नाही. ज्याला आधीचं काही सांगावं लागत नाही, ज्यात दोनच माणसं आहेत आणि ती एकमेकांशी बोलताहेत, असा तुकडा निवडा. तीन-चार नावं एकदम आली की ऐकणारा गोंधळतो. वर्णनाचे परिच्छेद छापील पानावर कितीही सुंदर असोत, कानाला ते लांबट लागतात.

भाषेचं असं करा. आधी प्रसंग हिंदीत दोन वाक्यांत सांगा. मग चार-पाच ओळी मूळ मराठीत वाचा, सावकाश. मग पुढचं हिंदीत, तेही वाचून नव्हे, आपल्या शब्दांत सांगून. सगळा उतारा हिंदीत करून नेऊ नका. तुमच्या माणसांचं बोलणं त्यांच्या भाषेत एकदा तरी हवेत जाऊ द्या. हिंदी श्रोत्यालाही लेखकाचा खरा आवाज तिथेच ऐकू येतो. एवढं मराठी चालेल का, हे मात्र कार्यक्रम अधिकाऱ्याला आधीच विचारून घ्या. आगाऊ सांगितलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

उतारा घरी मोठ्याने वाचून बघा. जिथे दम तुटतो ते वाक्य वाचण्यापुरतं छाटा. पुस्तक तुमचं आहे, तुम्हाला तो हक्क आहे. पुस्तक हातात धरून वाचू नका, पान उलटल्याचा आवाज माइक पकडतो. मोठ्या अक्षरांत सुट्या कागदांवर काढून न्या, पिन न मारता, आणि वाचलेला कागद उलटण्याऐवजी बाजूला सरकवा. माइकपासून वीतभर अंतर ठेवा. प, फ, भ जोरात येत असतील तर तोंड जरा तिरकं. काचेच्या बांगड्या घरी ठेवा. उपाशीपोटी जाऊ नका, पोटातली गुरगुर स्टुडिओत स्पष्ट ऐकू येते.

मुलाखत घेणाऱ्याने पुस्तक वाचलेलं असेलच असं नाही. शिकागोच्या स्टड्स टर्केल यांनी १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं रेडिओवर मुलाखती घेतल्या, आणि खुणांनी, टिपणांनी भरलेली पुस्तकाची प्रत ते सोबत घेऊन बसत. कॅलिफोर्नियात केसीआरडब्ल्यू या केंद्रावर मायकेल सिल्व्हरब्लॅट ‘बुकवर्म’ हा कार्यक्रम १९८९ ते २०२२ करत होते. त्यांची ख्यातीच अशी की पाहुण्याचं आधीचं सगळं लेखन वाचून ते समोर बसत. असा वाचक समोर आला तर लेखकाचं भाग्य. आपल्याकडच्या केंद्रांवर एकाच माणसाला शेतीची चर्चा, आरोग्यवार्ता आणि तुमचा कथासंग्रह एकाच आठवड्यात सांभाळावा लागतो, आणि पुस्तक मराठी असेल तर हिंदी निवेदकाला ते वाचता येईलच असं नाही. यात अपमान मानू नका. एक पानाचं हिंदी टिपण आठवडाभर आधी पाठवा: तुमच्याबद्दल चार ओळी, त्या तीन गोष्टी, वाचायचा उतारा आणि तुम्हाला आवडतील असे पाच-सहा प्रश्न. मला अशी टिपणं यायची तेव्हा मी ती अगदी मनापासून वापरायचो. उत्तरं मात्र लिहून पाठ करू नका. पाठ केलेलं कानाला लगेच कळतं.

रेकॉर्डिंगची काटछाट होते, हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेत सीबीएस रेडिओवर डॉन स्वेम ‘बुक बीट’ नावाचा कार्यक्रम करत. लेखकाशी निवांत गप्पा व्हायच्या, आणि त्यातून दोन-दोन मिनिटांचे तुकडे प्रसारित व्हायचे. मूळ अखंड ध्वनिफिती पुढे ओहायो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवल्या. दोन मिनिटांत टिकतं ते स्वतःच्या पायावर उभं असलेलं उत्तर. ‘जैसा मैंने पहले कहा’ अशी सुरुवात केलीत आणि ते ‘पहले’ कापलं गेलं, तर उत्तर अधांतरी लटकतं. प्रत्येक उत्तर मिनिटभरात आटपा. अडखळलात तर थांबा, श्वास घ्या, आणि वाक्य पहिल्यापासून म्हणा. अर्ध्यातून जोडलं तर जोड ऐकू येतो.

एक प्रश्न तुम्हाला नक्की येणार: ‘ये कहानी आपकी अपनी है क्या?’ पहिल्या पुस्तकाला हा कुणालाच चुकत नाही, आणि इंदुरात तो जड जातो. आपला मराठी समाज असा की मावशी, जाऊबाई, शाळेतल्या बाई, सगळ्यांना तुम्ही कुणावर लिहिलंत ते ओळखायचंच असतं. ‘सगळं काल्पनिक आहे’ म्हणालात तर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि ‘हो, माझंच’ म्हणालात तर पुढचे सगळे प्रश्न तुमच्या घरात शिरतात. माझा सल्ला: काय बदललं आणि का बदललं ते सांगा. खऱ्या आयुष्यात काकांनी दार उघडलं, कथेत उघडलं नाही, कारण मला बघायचं होतं की ती बाहेर उभी राहून काय करते. अशा उत्तरात खरंही येतं, लेखनाचं कामही दिसतं, आणि घरचं माणूस उघडं पडत नाही. नको त्या गोष्टी आधीच सांगून ठेवायला संकोच बाळगू नका. ‘फ्रेश एअर’ या अमेरिकन रेडिओवरच्या मुलाखतींच्या कार्यक्रमाच्या टेरी ग्रॉस पाहुण्याला सुरुवातीलाच सांगतात, की एखादा प्रश्न फार खाजगी वाटला तर तसं म्हणा, मी पुढे जाईन. तुमच्या निवेदकाला ही सवय नसेल, तर तुम्हीच म्हणा.

आकाशवाणीवर पुस्तकाची किंमत, दुकानाचा पत्ता, जाहिरात वाटेल असं काही बोलू नका. एखाद्या राजकीय पक्षावर नाव घेऊन टीका किंवा कुठल्याही धर्म-समाजावर हल्ला तिथल्या प्रसारण संहितेत बसत नाही, तेवढं कापलं जाईल. पुढेमागे खाजगी एफएमचं बोलावणं आलं (रेडिओ मिर्चीचं देशातलं पहिलं केंद्र २००१ मध्ये आपल्या इंदुरातच निघालं), तर तिथे दोन गाण्यांमध्ये मिनिट-दोन मिनिटंच मिळतात. तीन गोष्टींतली एकच न्या.

प्रसारणाच्या आधी इंदुरातल्या एखाद्या दुकानात आणि ग्रंथालयात तुमच्या प्रती पोहोचल्या आहेत ना, हे प्रकाशकाकडून पक्कं करा. ऐकून विचारायला आलेल्या माणसाला पुस्तक मिळालं नाही, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. उतारा निवडताना अडलात तर दोन तुकडे इथे खाली टाका, कानाला कुठला बरा लागेल ते वाचून सांगतो.