यंदा घरी येणार नाही

“जाणे शक्य असतानाही मी गेले नाही, तर ती जबाबदारी म्हणायची की पळवाट?” करोनाच्या साथीत, २०२० च्या डिसेंबरमध्ये, नाताळाला घरी न जाण्याचे ठरवलेल्या एका तरुणीने समुपदेशनाच्या पहिल्याच सत्रात, नीट ओळखही व्हायच्या आधी, मला हा प्रश्न विचारला. वय तिशीच्या आत, घरापासून विमानाने नऊ तासांवरच्या शहरात संशोधनाचे काम, आईवडील दोघेही साठी ओलांडलेले आणि वडिलांना जुना दमा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. प्रश्न मात्र तिचाच आहे, आणि त्या महिन्यात तो माझ्याकडे येणाऱ्या इतर अनेकांचाही होता.

सरसकट बंदी असती तर कदाचित सोपे गेले असते. त्या नाताळात जाच होता तो अर्धवट उघड्या दारांचा. ब्रिटनमध्ये सणाच्या पाच दिवसांत तीन कुटुंबांना एकत्र येण्याची मुभा आधी जाहीर झाली होती. १९ डिसेंबरला, म्हणजे सण सहा दिवसांवर आला असताना, लंडन आणि आग्नेय इंग्लंडमधल्या लोकांची ती मुभा काढून घेतली गेली आणि इंग्लंडच्या उरलेल्या भागात ती एका दिवसावर आली. इटलीत रात्री दहानंतर संचारबंदी असल्यामुळे पोप फ्रान्सिस यांनी नाताळच्या पूर्वसंध्येची मिस्सा, म्हणजे चर्चमधला प्रार्थनाविधी, नेहमीपेक्षा दोन तास आधी, साडेसातला घेतली. माझ्याकडे आलेल्या तरुणीच्या वाटेत असा नियम आडवा आला नव्हता. विमाने चालू होती, चौदा दिवसांचे विलगीकरण रजेत कसेबसे बसत होते. तिने तिकीट काढले होते, आणि वडिलांच्या दम्याचा विचार करून ते स्वतःच रद्द केले होते. बोट दाखवायला सरकार नव्हते, म्हणून ती स्वतःकडेच बोट दाखवत होती.

येथे माझी एक चूक सांगितली पाहिजे. पहिल्या सत्रात मी तिचा दिवस भरून टाकण्याच्या मागे लागले. घरच्यांशी सकाळी बोलणे, दुपारी एकत्र जेवण, संध्याकाळी प्रार्थना, सारे पडद्यावर. त्या वर्षी झूमने फुकट वापरणाऱ्यांसाठीची चाळीस मिनिटांची मर्यादा नाताळपुरती उठवली होती, आणि मला ती मोठी सोय वाटली होती. तिने आठवडाभर आधी एका रविवारी तालीम म्हणून तासभर बोलून पाहिले आणि पुढच्या सत्रात शांतपणे सांगितले, “आईला फोन नीट धरता येत नाही, त्यामुळे मला तिचे कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. आम्ही तिघेही सारखे हसत होतो. फोन ठेवला आणि मी जेवले नाही.”

त्या तासभराच्या हसण्यातच तिच्या प्रश्नाचे मूळ होते. आईवडिलांना वाईट वाटू नये म्हणून ती आनंदी असल्याचे दाखवत होती, तिला वाईट वाटू नये म्हणून तेही तेच करत होते, आणि तिघांपैकी कोणालाही आपली आठवण दुसऱ्याला येत असल्याची खूण मिळत नव्हती. त्यातून तिने स्वतःशी एक हिशेब मांडला होता: निर्णय बरोबर असता तर मन शांत झाले असते, ज्या अर्थी इतके तुटते आहे, त्या अर्थी निर्णय चुकलेला आहे. समुपदेशनात हा हिशेब आम्हाला वारंवार भेटतो. तो मोडायचा तर निर्णय आणि दुःख ही दोन प्रकरणे वेगळी करून पाहावी लागतात.

म्हणून आधी आम्ही निर्णय तपासला, तोही भावना बाजूला ठेवून. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरतो, चाचणी नकारात्मक आली म्हणजे धोका संपला असे नसते, आणि प्रवासातल्या गर्दीवर तिचा ताबा नव्हता. ८ डिसेंबरला ब्रिटनमध्ये लसीकरण सुरू झाले होते, पण तिच्या वडिलांपर्यंत लस पोहोचायला अवकाश होता. मी विचारले, “हीच माहिती घेऊन एखादी मैत्रीण तुमच्याकडे आली असती, तर तुम्ही तिला काय सांगितले असते?” ती म्हणाली, “जाऊ नकोस.” मग बराच वेळ ती काही बोलली नाही, आणि त्यानंतर त्या महिन्यात पहिल्यांदा, असे तिने नंतर सांगितले, ती मोकळेपणी रडली. ते रडणे थांबवण्याची घाई मी केली नाही. ‘सकारात्मक राहा’ हे वाक्य त्या वर्षी इतके स्वस्त झाले होते की माझ्या खोलीत मी ते वापरणेच सोडून दिले होते.

(रडू येणे हा आजार नव्हे. झोप, भूक आणि कामातला रस दोन आठवड्यांहून अधिक काळ हरवला, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मात्र सण उलटण्याची वाट न पाहता मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. तिच्या बाबतीत मी हे विचारून घेतले होते. तशी वेळ आलेली नव्हती.)

उरला सणाचा दिवस. जागतिक आरोग्य संघटनेने त्या वर्षी मार्चमध्येच ‘सामाजिक अंतर’ न म्हणता ‘शारीरिक अंतर’ म्हणा असे सुचवले होते, कारण अंतर देहांत हवे होते, नात्यांत नव्हे. मात्र नाते राखायचे म्हणजे अख्खा सण पडद्यावर हलवायचा, असा अर्थ मी आधी काढला होता. या वेळी मी तिला एवढेच विचारले की घरच्या नाताळातली कोणती एकच गोष्ट सोडवणार नाही. जेवण, भेटवस्तू, मध्यरात्रीची मिस्सा, यांपैकी काहीच तिने निवडले नाही. गोठ्याच्या देखाव्यात बाळ येशूची मूर्ती चोवीस तारखेच्या रात्री ठेवली जाते, आणि त्यांच्या घरी मूर्ती ठेवण्याचे काम लहानपणापासून या लेकीचेच होते. आईने ते काम यंदा शेजारच्या मुलीकडे द्यायचे ठरवले होते, आणि लेकीला ते सांगितले नव्हते. बोलण्याच्या ओघात तिला ते कळले होते.

तिने दोन गोष्टी केल्या. आईला फोन करून, न हसता, “मला यायचे होते आणि मी येत नाही, त्याचे मला फार वाईट वाटते आहे,” असे सांगितले. आई म्हणाली, “मग महिनाभर बोलली का नाहीस? मी रोज तुझ्या खोलीचे दार लावून घेते.” दुसरे म्हणजे, मूर्ती ठेवण्याचे काम तिने वडिलांवर सोपवले.

चोवीसच्या रात्री तिने कॅमेरा बंद ठेवून नुसता आवाजाचा फोन लावला आणि तो टेबलावर ठेवून दिला. पलीकडे आई बायबलच्या शुभवर्तमानातला येशूच्या जन्माचा भाग वाचत होती, अलीकडे ही भांडी घासत होती. मध्ये मध्ये कोणीच बोलत नव्हते. मग वडिलांनी मूर्ती ठेवली, ती कलंडली, आई त्यांना रागावली, आणि दोघांचा तो नेहमीचा वाद तिने पाण्याचा नळ बंद करून ऐकला.

सव्वीस तारखेच्या सत्रात ती म्हणाली, “नऊ वाजता रडले, मग झोप लागली.” निर्णयाबद्दल तिने काही विचारले नाही, आणि पुढचे सत्र एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी ठेवू या, असे तिनेच सुचवले.