काळ्या कोंबड्या आणि पांढरा कोंबडा यांच्या संकरातून राखी रंगाचा स्थिर वाण तयार होईल का?

आपल्याकडे काळ्या गावरान कोंबड्या आणि पांढरा लेगहॉर्न कोंबडा असून त्यांच्यापासून राखी रंगाची, तोच रंग पुढे देणारी पिल्ले मिळतील का, असे आपण विचारले आहे. मी नाशिकजवळ गावरान पक्षी पाळतो आणि रंगासाठी जोड्या लावतो. माझ्या मते या जोडीपासून सुरुवात करू नये. काळा आणि पांढरा हे डब्यातल्या रंगांसारखे एकमेकांत मिसळत नाहीत. लेगहॉर्नचा पांढरेपणा प्रभावी असून तो पिसांतले काळे रंगद्रव्य दाबून टाकतो, त्यामुळे पिल्ले बहुतेक पांढरीच निघतात आणि फार तर एखाददुसरे काळे पीस दिसते. शिवाय त्या पांढऱ्याआड पट्टे लपलेले असू शकतात, जे पुढच्या पिढीत अचानक डोके वर काढतात.

राखी रंग हवा असेल तर राखी पक्षीच शोधावा. पेठ, सुरगाणा किंवा त्र्यंबकेश्वर भागातल्या गावरान कळपांत तो अधूनमधून आढळतो. मात्र राखी छटा देणारी जनुके एकाहून अधिक आहेत आणि आपल्या हाती त्यांपैकी कोणते आले, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. मानेची पिसे नीट पाहावीत: अंग राखी असूनही मानेवरचा सोनेरी-तांबडा रंग तसाच झळकत असेल तर ते बहुधा ‘ब्ल्यू’ जनुक होय, कारण ते काळ्या रंगद्रव्यालाच फिके करते, तांबडाही फिकट होऊन साईच्या रंगावर गेला असेल तर ते ‘लॅव्हेंडर’ असावे. मान पूर्ण राखी असल्यास तो नर शुद्ध काळ्या कोंबड्यांना लावून पाहावा. पहिल्याच पिढीत सुमारे निम्मी पिल्ले राखी आणि निम्मी काळी निघाली तर ब्ल्यू, सगळीच काळी निघाली तर लॅव्हेंडर. या दुसऱ्या निकालाने पुष्कळ जण निराश होऊन पिल्ले विकून टाकतात, वास्तविक रंग त्यांच्यात दडलेला असतो आणि त्यांच्यातला नर-मादी जोडा लावल्यास साधारण चौथा हिस्सा राखी मिळतो.

आपण ‘स्थिर’ हा शब्द वापरला आहे, म्हणून हे स्पष्ट करणे आवश्यक वाटते की ब्ल्यू कधीच स्थिर होत नाही. राखी-राखी जोडीतून सरासरी निम्मी पिल्ले राखी, पाव काळी आणि पाव मळकट पांढऱ्यावर निळसर ठिपक्यांची निघतात. कितीही पिढ्या निवड केली तरी हे प्रमाण बदलत नाही. अँडालुशियन या कोंबड्यांच्या जातीत हा प्रकार विसाव्या शतकाच्या प्रारंभापासून अभ्यासला गेला आहे. लॅव्हेंडर अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आले तरच दिसणारे, असल्यामुळे लॅव्हेंडरच्या जोडीतून लॅव्हेंडरच येते. मात्र त्यात काही वेळा पिसे उशिरा भरतात व शेपटी विरलेली दिसते, म्हणून अधूनमधून चांगल्या काळ्या पक्ष्याचे रक्त आणावे लागते.

कोणताही प्रयोग करताना आधीचा नर काढल्यावर किमान तीन आठवडे त्या कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत, कारण पूर्वीच्या नराचे शुक्राणू तिच्या शरीरात तितके दिवस टिकू शकतात. उबवणीचे 21 दिवस आणि तलंग अंड्यावर येईपर्यंतचे पाच-सहा महिने धरले, तर एका पिढीला सुमारे सहा-सात महिने लागतात. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात उबवणूक टाळलेली बरी, म्हणजे व्यवहारात वर्षाला एकच पिढी हिशेबात धरावी.

ब्ल्यूच हाती आले, तर ठिपक्यांचे नर विकू नका. असा नर काळ्या कोंबड्यांना लावला की सगळीच्या सगळी पिल्ले राखी निघतात, आणि ग्राहकाला राखी पक्षी द्यायचे असतील तर काळे व ठिपक्यांचे असे दोन कळप वेगळ्या खुराड्यांत सांभाळणे हाच सरळ मार्ग आहे.