गोव्याहून पहिल्यांदाच डाउनहिल बाइक पार्कला जायचंय, बायकोही येते म्हणते. तयारी कशी करावी?

तुम्ही विचारलंय, फोंड्याहून चौघे मित्र मे महिन्यात कॅनडात व्हिस्लरच्या बाइक पार्कला, म्हणजे रोपवेच्या लिफ्टने सायकलीसकट डोंगरावर जाऊन उतारावरून खाली यायचं तिथे, निघालात, तर स्वतःची सायकल न्यावी का, कुठल्या ट्रेलवर जावं, इथे राहून सराव काय करावा. आणि सगळ्यात शेवटी एक ओळ टाकलीय: ‘बायकोही येते म्हणते, पण तिला ते जमणार नाही, तिच्यासाठी तिथे दुसरं काय बघण्यासारखं आहे?’ बाकीचं कोणीही सांगेल. मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे.

तिला जमणार नाही हे कोणी ठरवलं? तिने स्वतः म्हटलंय का तसं? ती तर ‘येते’ म्हणतेय.

आधी मे महिन्याचं बोलते. शाळांना सुट्टी म्हणून आपण मे धरतो, पण व्हिस्लरचा हंगाम तेव्हा नुकता उघडत असतो. खालचा भाग सुरू होतो, वर बर्फ असतो. माथ्यावरून उतरणारा ‘टॉप ऑफ द वर्ल्ड’ तर भर उन्हाळ्यातच उघडतो. एवढा खर्च करून अर्धा डोंगर बघायचा असेल तर मे ठीक आहे, नाहीतर जुलै-ऑगस्ट धरा. गणपतीची चवथ कधी ती बघूनच तिकिटं काढा. आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलीवर बसू नका. तिथे उन्हाळ्यात आपल्याहून साडेबारा तास मागे असतं, म्हणजे दिवसाची अगदी रात्र होते.

आता आमचं सांगते. आम्ही गेलो होतो मी, माझे यजमान आणि त्यांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे दीर. भावोजी सायकलवाले म्हणून आमच्या डिचोलीत सगळ्यांना माहीत. चोर्ला घाट चढून बेळगावला जाऊन येतात, पायांत ताकद भरपूर, ते मी कधीच नाकारलं नाही. मीही लहानपणापासून सायकल चालवते. शाळेला सायकलनेच जायचे, लग्नानंतरही सोडली नाही, आमच्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या वाटांनी अजून जाते. पण ते कुणाच्या हिशेबात नव्हतं. सगळा बेत भावोजींनी आखला, कागदावर लिहून दिला, आणि माझ्या नावापुढे लिहिलं होतं: ‘वहिनी – गोंडोला, फोटो, बाजार.’

मी न विचारता माझ्या पगारातून पहिल्या दिवसाची शिकवणी बुक केली. मोठ्या पार्कांत नवीन लोकांसाठी लिफ्टचा पास, सायकल, पॅड आणि शिकवणी असं एकत्र मिळतं. भावोजींना कळलं तेव्हा म्हणाले, “वहिनी, उतारावरून खाली यायला शिकवणी कसली? ब्रेक सोडले की सायकल येतेच खाली.” यजमान हसले. मी गप्प बसले, पण पैसे परत घेतले नाहीत.

शिकवणारी मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने आम्हाला लिफ्टकडे नेलंच नाही. खाली सपाट जागेवर उभं केलं, कोण कुठल्या देशातून आलंय ते विचारलं, आणि मी ‘भारत’ म्हटल्यावर माझ्याजवळ आली. म्हणाली, सायकलीवरून उतर, डावा ब्रेक दाब आणि सायकल पुढे ढकल. मी ढकलली. पुढचं चाक जागच्या जागी अडलं आणि मागचं चाक उचलून वर आलं. माझ्या पोटात गोळाच आला.

आपल्याकडे बहुतेक सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक आणि डाव्या हाताला मागचा. स्कूटरलाही तसंच. कॅनडात, अमेरिकेत उलटं: डावा पुढचा, उजवा मागचा. घाबरल्यावर आपला डावा हात आपोआप दाबला जातो, कारण तो मागचा ब्रेक आहे, सुरक्षित आहे, हे हाताला वर्षानुवर्षं पाठ झालेलं असतं. गोव्यातल्या माणसाच्या अंगात ही सवय किती मुरलेली असते ते वेगळं सांगायला नको, इथे कोपऱ्यावरून पाव आणायलाही स्कूटर काढतात. तिथे तोच हात उतारावर करकचून दाबला तर पुढचं चाक बसतं आणि माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो.

दुसरी गोष्ट तिने केली ती माझ्या हाताकडे बघून. ब्रेकची लिव्हर माझ्या बोटापासून लांब होती. मला दोन बोटं ताणून ती ओढावी लागत होती, म्हणजे हँडलवर पकड राहायला उरली दोनच बोटं. तिने खिशातून एक छोटी अ‍ॅलन की काढली, लिव्हरच्या मुळाशी असलेला बारीक स्क्रू फिरवत गेली आणि दर फेऱ्याला मला विचारत राहिली, ‘आता?’ शेवटी लिव्हर अशी आली की एका तर्जनीने सहज दाबता येईल आणि बाकी हात हँडलवर घट्ट राहील. भाड्याच्या सायकली मोठ्या पंजाच्या माणसाला धरून लावलेल्या असतात. बाईने सायकल हातात घेतल्यावर पहिलं काम हे करायचं. ‘बायकांच्या हातात जोर नसतो’ म्हणतात, त्यातला निम्मा प्रकार हा स्क्रू फिरवल्यावर संपतो.

मग ‘ईझी डझ इट’ नावाच्या हिरव्या, म्हणजे सोप्या ट्रेलवर आम्ही खाली-वर, खाली-वर करत राहिलो. पेडल आडवी, टाचा खाली, सीटवर बसायचं नाही, गुडघे आणि कोपर सैल, नजर पुढच्या चाकावर नाही तर वळणाच्या पलीकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं: ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात सोडायचा. दुपारनंतर तिने आम्हाला ‘बी-लाइन’वर नेलं, तो निळा, म्हणजे मध्यम. वळणं उंच बांधलेली, मातीच्या भिंतीला टेकून सायकल फिरावी तशी. मी खाली आले तेव्हा माझे हात थरथरत होते आणि मला लगेच परत वर जायचं होतं.

त्याच वेळी भावोजी वर पडलेले होते. त्यांनी हिरवा ट्रेल केलाच नाही, थेट निळ्यावर गेले, यजमानांना मागे टाकून. एका वळणावर वेग जास्त झाला आणि डावा हात गच्च दाबला. खांद्याचं हाड मोडलं, कॉलर बोन म्हणतात ते. पार्कच्या गस्तीवाल्यांनी खाली आणलं. दवाखान्यात त्यांच्यासोबत मीच बसले होते, आणि त्यांना लागलं याचं मला खरोखर वाईट वाटलं, आजही वाटतं.

पण त्यानंतर जे चाललंय ते मला मान्य नाही. दर चवथीला मूळ घरी सगळे जमतात, माटोळीखाली पानं मांडली जातात, आणि कोणीतरी विषय काढतं. भावोजी सांगतात की सायकलच सदोष दिली होती, पुढचा ब्रेक अचानक लागला. सगळे माना डोलवतात. अहो, ब्रेक उत्तम होता, म्हणूनच लागला! सायकल देताना दुकानातल्या मुलाने कुठला ब्रेक कुठे ते सांगितलं होतं, तेव्हा भावोजी हेल्मेटच्या पट्ट्याशी खटपट करत होते. माझ्या यजमानांना हे सगळं माहीत आहे. ते म्हणतात, ‘जाऊ दे ना.’ मी का जाऊ देऊ? त्या गोष्टीत मी कुठेच नसते. घरातल्या मुलींना त्यातून एवढंच कळतं की तो खेळ धोक्याचा आहे आणि भावोजींसारख्यालाही झेपला नाही, तर आपण लांबच राहिलेलं बरं. त्याच दिवशी त्याच डोंगरावर त्यांची काकी दिवसभर सायकल चालवून धड उतरली हे कोणी सांगत नाही.

या खेळाला पायांची ताकद फार लागत नाही. चढ लिफ्ट चढवते, उतार गुरुत्वाकर्षण. लागतं ते उभं राहणं आणि ब्रेक. जो माणूस सगळ्या उतारावर ब्रेक धरून येतो त्याचे हात कोपरापासून मनगटापर्यंत लाकडासारखे कडक होतात, मूठ धड मिटत नाही, डिस्क तापतात आणि ब्रेकची पकड कमी होते. वजनदार माणसाला हा त्रास जास्त, कारण थांबवायचं असतं तेच जास्त. तुमच्या पत्नीचं वजन तुमच्याहून कमी असेल तर हे गणित तिच्या बाजूचं आहे.

तुमच्या चौघांत एखादा ‘ए-लाइन’चं नाव घेत असेलच. तो काळा, म्हणजे अवघड ट्रेल आहे, एकामागून एक टेबलटॉप उड्या. टेबलटॉप म्हणजे उडी कमी पडली तर मधल्या सपाट भागावर आदळता, खड्ड्यात जात नाही. पण म्हणून तो नवख्यांचा होत नाही. आधी हळू बघून घ्यायचा, मग पुन्हा करायचा, मग वेग. आणि थकल्यावर ‘शेवटचा एक राउंड’ करायचा नाही.

खरं विचाराल तर गोव्याच्या माणसाने पहिल्या खेपेला व्हिस्लरला जाऊच नये, न्यूझीलंडला जावं. क्वीन्सटाउनला गोंडोल्याने सायकल वर जाते, रोटोरुआलाही. आपल्या नाताळच्या सुट्टीत तिथे भर उन्हाळा, म्हणजे शाळेची रजा नको आणि चवथही चुकत नाही. वेळेचा फरक साडेसात तासांचा. आणि तिथे उजवा ब्रेक पुढचा, डावा मागचा, आपल्यासारखाच. व्हिस्लर मोठं आहे, 1999 पासूनचा पार्क आहे, पण ते दुसऱ्या खेपेसाठी ठेवा. तिकिटं काढून झाली असतील तर सायकल घेतानाच ब्रेकची अदलाबदल करून देतात का विचारा. नाही म्हणाले तर सपाट जागेवर डावा ब्रेक दाबून सायकल ढकलून बघा, चौघांनीही, हसू आलं तरी.

स्वतःची सायकल नेऊ नका. डाउनहिलची सायकल वेगळीच असते, पुढे-मागे धक्के शोषणारं 200 मिलिमीटरपर्यंत सस्पेन्शन, आणि ती तिथे भाड्याने मिळते. सस्पेन्शन तुमच्या वजनाप्रमाणे लावतात, म्हणून वजन खरं सांगा. गुडघ्याचे पॅड, हातमोजे आणि सपाट तळाचे बूट मात्र स्वतःचे न्या, अंगाला बसलेलेच बरे. फुल-फेस हेल्मेट तिथे मिळतं, डोकं हलवल्यावर ते आतल्या आत फिरत असेल तर दुसरं मागा.

सरावासाठी चोर्ल्याचा रस्ता उपयोगाचा नाही, तिथे माणूस बसून उतरतो. सीट पूर्ण खाली करा आणि सड्यावर जांभ्याच्या खडीतून उभ्याने उतरा, एक बोट ब्रेकवर. पावसाळ्यात नको, जांभ्यावर शेवाळ धरतं आणि चाक धरत नाही. व्हिस्लरच नक्की असेल तर जवळच्या मेकॅनिककडून जुन्या सायकलीच्या ब्रेकच्या केबली उलट्या लावून घ्या आणि निघण्याआधी महिनाभर तीच चालवा. फक्त ती सायकल रहदारीत नेऊ नका, आणि घरात दुसऱ्या कोणाला न सांगता देऊ नका.

विमा राहिला. नेहमीच्या प्रवास विम्यात डाउनहिल माउंटन बाइकिंग बहुतेक वेळा वगळलेलं असतं. भावोजींचा विमा असाच निघाला आणि दवाखान्याचा सगळा खर्च खिशातून गेला. कॅनडातली सरकारी आरोग्यसेवा पर्यटकाला फुकट नसते. कागदावर खेळाचं नाव लिहिलेलं दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

आणि तुमच्या पत्नीचं. मानेचा, पाठीचा जुना त्रास असेल, दिवस गेले असतील, तर नको. तसंच तिने स्वतः ‘मला खाली बसून डोंगर बघायचाय’ म्हटलं तर तेही ठीक, माझं भांडण तिच्या वतीने ठरवणाऱ्यांशी आहे. नाहीतर पहिल्या दिवसाची शिकवणी तुमच्या दोघांच्या नावाने बुक करा. तुम्हालाही तिच्याइतकीच गरज आहे. मित्र नाही म्हणाले तर त्यांना वर जाऊ दे, संध्याकाळी खाली भेटतील.